संभाषणाच्या इंग्रजी वर्गात खेळ किती असावा आणि अभ्यास किती?

प्रश्न : सायतामावासी

नमस्कार. मी जपानमध्ये सायतामा येथील एका छोट्या एइकाइवात, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खासगी क्लासमध्ये, दोन वर्षांपासून शिकवते. संध्याकाळच्या तुकडीत सहा प्रौढ विद्यार्थी आहेत आणि तास ५० मिनिटांचा असतो. वर्ग हसतखेळत चालला पाहिजे, अशी संचालकांची सूचना आहे. ती मला पटतेही, कारण दिवसभर काम करून आलेल्या माणसाला पुन्हा शाळेच्या बाकावर बसवल्यासारखे वाटू नये. मात्र मागच्या महिन्यात पन्नाशीच्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर आपली वही माझ्यासमोर उघडून ठेवली. प्रत्येक पानावर सुवाच्य अक्षरात तारीख होती आणि तारखेखाली फक्त त्या दिवशीच्या खेळाचे नाव होते. "मजा येते, सेन्सेई, पण मी काय शिकले ते मला लिहिता येत नाही," असे ती नम्रपणे म्हणाली. त्यानंतर सलग दोन तास मी व्याकरणच घेतले, तर सगळा वर्ग गप्प बसला. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : माजी सहायक शिक्षक

ताई, मी तेथील सरकारी शाळांमध्ये सहायक भाषाशिक्षक म्हणून काम केले आहे. आपल्या विद्यार्थिनीची पार्श्वभूमी आधी लक्षात घ्यावी, असे मला वाटते. जपानमध्ये पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला तो २०२० साली. तिच्या पिढीने इंग्रजी शिकायला सुरुवात केली ती माध्यमिक शाळेत, आणि तेही मुख्यतः प्रवेश परीक्षेसाठी, वाक्यांचे भाषांतर करत. त्यामुळे या लोकांना शब्द आणि नियम पुष्कळ माहीत असतात. ते तोंडातून वेळेवर बाहेर पडत नाहीत, एवढीच अडचण असते. अशा वर्गाला पुन्हा व्याकरण समजावले, तर तो गप्प बसणारच.

माझ्या मते खेळ ठेवावा, परंतु हवे असलेले वाक्य उच्चारल्याशिवाय जो जिंकताच येत नाही, असाच खेळ निवडावा. पत्ते जुळवण्याच्या खेळात शब्द न बोलताही जिंकता येते, म्हणून तो प्रौढांसाठी मी सोडून दिला. त्याऐवजी जोडीतील दोघांना स्वयंपाकघराची दोन चित्रे द्यावीत. एकात किटली शेगडीवर असते, दुसऱ्यात फळीवर, आणि असे सहा फरक एकमेकांचे चित्र न पाहता शोधायचे असतात. "इज देअर अ केटल ऑन द शेल्फ?" हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि पंधरा मिनिटांत प्रत्येक जण ती रचना वीसेक वेळा तरी बोलतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण प्रश्न विचारल्यावर जी शांतता पसरते, ती अनेकदा कंटाळ्याची नसून चूक होऊ नये म्हणून मनात वाक्य जुळवण्याची असते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे आणि तोवर मदतीला धावू नये. हे अंगवळणी पडायला मला जवळजवळ एक वर्ष लागले.

उत्तर : ओसाकातील मराठी शिक्षिका

वरील सूचना उत्तम आहे, परंतु खेळातूनच सर्व काही येते, हे मला मान्य नाही. खेळ चालू असताना मी कोणालाही अडवत नाही, फक्त ऐकू आलेल्या चुका कागदावर टिपून ठेवते. शेवटची दहा मिनिटे ती वाक्ये कोणाचेही नाव न घेता फळ्यावर लिहिते आणि दुरुस्ती वर्गाकडूनच करून घेते. नाव न घेणे येथे फार महत्त्वाचे आहे, कारण चारचौघांत चूक दाखवली गेलेली व्यक्ती पुढे कित्येक आठवडे तोंड उघडत नाही. 'अ' आणि 'द' यांच्या चुका सर्वाधिक निघतात. जपानीत त्यांना जोड नाही, तशी ती मराठीतही नाही, त्यामुळे आपण स्वतः ते कसे शिकलो हे सांगितले की विद्यार्थी मन लावून ऐकतात.

जपानीत रुळलेले इंग्रजी शब्दही अवश्य घ्यावेत. तेथे 'मॅन्शन' म्हणजे साधी सदनिका, 'कन्सेंट' म्हणजे भिंतीतील विजेचा सॉकेट आणि 'कनिंग' म्हणजे परीक्षेतील कॉपी. "मी मॅन्शनमध्ये राहतो" असे परदेशी पाहुण्याला सांगितल्यास तो काय समजेल, एवढे विचारले की वर्गात हशा पिकतो आणि योग्य शब्द कायमचा लक्षात राहतो.

सायतामावासी

दोघांचेही मनापासून आभार. काल चित्रांचा खेळ आणि फळ्यावरील दुरुस्ती, दोन्ही करून पाहिले. त्या बाईंनी वहीत तारखेखाली चार पूर्ण वाक्ये लिहिली आणि पान माझ्याकडे वळवून दाखवले. एक अडचण मात्र उरली आहे : तुकडीतील एक गृहस्थ एइकेन या जपानमधील इंग्रजी प्रावीण्य परीक्षेच्या तोंडी चाचणीची तयारी करत आहेत आणि त्यांना खेळात मुळीच रस नाही. त्यांना त्याच ५० मिनिटांत वेगळे काम द्यावे, की इतरांसोबतच ठेवावे?