मदत हवी आहे: ब्लू टँग माशावर पांढरे ठिपके, इच की वेल्वेट (दोन्ही परजीवींचे रोग)?

नमस्कार मंडळी, तातडीने सल्ला हवाय. ५०० लिटरच्या रीफ टँकमध्ये (कोरल असलेली खाऱ्या पाण्याची टाकी) एक ब्लू टँग आणि दोन क्लाउनफिश आहेत. चार दिवसांपूर्वी टँगच्या परांवर मिठाच्या कणाएवढे सहा-सात ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी सगळे गायब! मी निर्धास्त झालो, आणि आज सकाळी बघतो तर दुप्पट. दगडाला अंग घासतोय, पण नोरी (सुकं समुद्री शेवाळ) अजून खातोय. ठिपके मोजता येतात, पिठासारखी भुकटी नाही, म्हणून मला इच वाटतंय. पण कल्ले फार जोरात हलतायत, त्यामुळे वेल्वेटची धास्ती आहे. त्यात मासे बघता बघता जातात.

कोरल आणि कोळंबी असल्याने मेन टँकमध्ये कॉपर (तांब्याचं औषध, त्यांना घातक) टाकणार नाही. १०० लिटरची वेगळी टाकी, स्पंज फिल्टर, हीटर तयार आहे. अडलंय ते इथे: चिलेटेड (दुसऱ्या रेणूंत बांधलेलं) कॉपर २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिग्रॅ) एकदम न्यावं की दोन दिवसांत हळूहळू? टँगला ते सोसतं का, की हायपोसॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा कमी ठेवणं) बरी? (वेल्वेट निघालं तर तिचा भरवसा नाही, हे माहीत आहे.) क्लाउनफिशवर एकही ठिपका नाही, तरी त्यांनाही काढायचंच ना? परजीवी माशांअभावी मरावेत म्हणून मेन टँक ७६ दिवस माशांविना ठेवायची तयारी आहे. हा टँग चार वर्षं माझ्याकडे आहे, हातातून नोरी घेतो. ज्यांनी टँगला कॉपर दिलंय त्यांनी कृपया आजच सांगा.