ऊन फुकट आहे म्हणे. छत कुणाचं?

विजापूर_वेस:
काल इथे एका शहाण्याने लिहिलं, "सोलापुरात एवढं ऊन फुकट पडतंय, तरी लोक वीजबिल भरतात. सोलर न बसवणारे अडाणी." साहेब, तीन किलोवॅटला तीनेकशे चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. आमच्याकडे अजून माळवद आहे, त्यावर मांजर चाललं तरी खाली माती पडते. शेजारी पत्रे. पलीकडे स्लॅब आहे, पण हिस्सेदार सात आणि दावा कोर्टात. ज्याचं बिल शंभर युनिटच्या आतलं, त्याला वीज तशीही कमी दराने मिळते. त्याचा खर्च कधी फिटायचा? अडाणी म्हणण्याआधी जुन्या गावठाणात एक चक्कर मारा.

जुळे_सोलापूर:
तो शहाणा मीच. अनुदान वाचलंय का? २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ७८,००० रुपये. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. आमच्याकडे एसी, गिझर, मिक्सर सगळं चालतं आणि बिलात स्थिर आकार सोडला तर फारसं काही नसतं. माळवद असेल तर नका बसवू. पण बंगलेवाले का रडतात?

लूमवाला:
आणि लाइट गेल्यावर काय करता ओ? माझ्या मेव्हण्याने बसवलं. भर दुपारी लाइट गेली, डोक्यावर आग ओततेय आणि घरात पंखा बंद! बसवणारा फोन उचलेना. ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनीला जोडलेला, इन्व्हर्टर लाइनबरोबरच बंद पडतो, हे विकताना एकजण सांगत नाही.

जुळे_सोलापूर:
बंद पडतो म्हणूनच खांबावरचा वायरमन जिवंत राहतो. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज लाइनीत उलटी जाईल की. बॅटरीवालं हायब्रिड घ्या, पैसे मोजा. फुकटात सगळं पाहिजे तुम्हाला.

लूमवाला:
फुकट कोण म्हणालं, तुम्ही की मी? आणि ते "ऊन जास्त म्हणून वीज जास्त" पण बंद करा. पॅनल पंचवीस अंशाच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्यात आपल्याकडे पॅनल साठच्या वर जातं. करा हिशेब.

अक्का_बाळीवेस:
ते राहू द्या. पॅनल धुवायला पाणी कुठून आणायचं? आमच्याकडे नळ चार दिवसांनी, तोही पहाटे तीनला. ह्यांनी बोअरच्या पाण्याने धुतलं तर काचेवर पांढरा क्षार बसला, घासून निघेना. आता बादलीभर प्यायचं पाणी छतावर ओतू का?

विजापूर_वेस:
अक्का, बरोबर बोललात. उजनी ११७ टीएमसीचं धरण. आमच्यासाठी पाणी नदीत सोडायचं, ते भीमेवरच्या औज बंधाऱ्यापर्यंत येईतो वाटेतले पंप निम्मं ओढणार. उजनी-सोलापूर दुहेरी जलवाहिनीचं नाव ऐकून कान किटले.

माढ्याचा_पाटील:
झालं, आला ऊस! धरणात जमिनी आमच्या गेल्या. तुम्ही शहरवाले गाड्या धुता ते चालतं, शेतकऱ्याने पंप लावला की चोर?

विजापूर_वेस:
उसाचं नाव तुम्हीच काढलंत पाटील. मनात तेच होतं वाटतं.

जुळे_सोलापूर:
अरे, विषय सोलरचा आहे! आणि पाण्याचंच बोलायचं तर आहेरवाडीचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्पही उजनीचंच पाणी पितो. कोळशाच्या विजेला रोज पाणी लागतं. आमच्या गच्चीला महिन्याकाठी दोन-चार बादल्या. सकाळी काच गार असताना ओल्या फडक्याने पुसलं तरी भागतं.

विजापूर_वेस:
हा मुद्दा मात्र पटला, घ्या एक हार. पण त्याने माझं माळवद काँक्रीटचं होत नाही.

लूमवाला:
वापरून उरलेली वीज लाइनीत जाते, पण मार्चअखेर त्या उरलेल्या युनिटांना किती तुटपुंजा दर मिळतो, तेही सांगा की.

जुळे_सोलापूर:
म्हणून गरजेपुरतंच बसवायचं. कमाईला बसवणाऱ्याने रडू नये.

अक्का_बाळीवेस:
भांडा तुम्ही. आज आमचा पाण्याचा दिवस, लाइट जायच्या आत नळाला मोटर लावते.

माढ्याचा_पाटील:
नळाला थेट मोटर! आणि पंपवाले चोर!

अक्का_बाळीवेस:
पाटील, आमच्या गल्लीत राहून दाखवा चार दिवस. मोटर नाही लावली तर नाव बदलीन.