निश्चल पाण्यावरची रात्र : आपले अनुभव लिहा

पाणकणीस

भाचीने परवा फोनवर विचारले की श्रीनगरला हॉटेलात उतरावे की हाऊसबोटीत, आणि तिला उत्तर देता देता निगीन सरोवरावरची एक जुनी रात्र इतकी स्वच्छ आठवली की ती लिहून काढल्याशिवाय राहवेना. दल सरोवर सर्वांना ठाऊक असते. त्याला अरुंद प्रवाहाने जोडलेले निगीन मात्र लहान आहे, काठाला विलो आणि चिनारांची दाटी आहे, आणि बुलेवार्ड रस्त्यावरची वर्दळ तिथे पोहोचत नाही.

काश्मीरची हाऊसबोट प्रवास करीत नाही, ती काठाशी बांधलेलीच असते. इंजिनच नसल्यामुळे रात्री आपल्याला ऐकू येते ते लाकूड. दिवसभर तापलेल्या देवदाराच्या फळ्या गार पडू लागल्या की कुठेतरी बारीक करकर होते. तळाजवळ एखादा मासा उसळला तर त्याचा आवाज थेट उशीपर्यंत येतो. मी बराच वेळ जागी होते आणि झोप न लागल्याचे मुळीच वाईट वाटले नाही. पहाटे हजरतबलची अजान पाण्यावरून आली. पुढे ऊन चढल्यावर लाटांवरचा प्रकाश खिडकीतून थेट खतमबंदच्या छतावर हलू लागला. लाकडाचे लहान भौमितिक तुकडे खिळ्यांवाचून एकमेकांत गुंतवून हे छत करतात, आणि त्या हलत्या उजेडात त्यातला प्रत्येक सांधा वेगळा दिसत होता.

स्वयंपाक मागच्या डूंग्यात होत असे. मालकांचे सारे कुटुंब त्याच बोटीत राहत होते. हाखची पालेभाजी आणि नद्रूची, म्हणजे कमळाच्या देठांची, दह्यातली यखनी वाढताना घरातील आजी दारात उभ्या राहून आम्ही पुरेसे जेवतो आहोत की नाही हे पाहत होत्या. माझ्या मते त्या रात्रीची शांतता या माणसांनी आम्हाला दिलेली होती. आपणही असे राहिला असाल तर अवश्य लिहावे, सरोवर कोणतेही असो.

उंबरठा

फार सुरेख लिहिले आहे. डोगरा राजवटीत बाहेरच्यांना काश्मीरमध्ये जमीन घेता येत नसे, म्हणून इंग्रजांनी पाण्यावर घरे करवून घेतली, असे तिथे सर्वजण सांगतात. परंतु त्याआधीपासून तिथले नावाडी, म्हणजे हांजी लोक, डूंग्यांत राहत आले आहेत, हे विसरता कामा नये. पाण्यावर कसे राहावे हे ज्ञान त्यांचेच आहे.

सातपुडा

आम्ही मुद्दाम चिल्लई कलानमध्ये गेलो होतो, म्हणजे 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्यात. काठालगतच्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असे आणि शिकारा तो फोडत पुढे सरकला की काच तडकल्यासारखा आवाज होई. (जानेवारी 2021 मध्ये श्रीनगरचा पारा उणे 8 अंशांच्याही खाली उतरला होता आणि दल गोठले होते; आमच्या वेळी तितकी थंडी नव्हती.)

मला कायमचे लक्षात राहिले ते मात्र निराळेच. मध्यरात्री छतावर पावलांचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो, तर मालकांची दोन्ही मुले फेरन घालून वर चढली होती आणि लाकडी फावड्याने बर्फ खाली लोटत होती. छतावर बर्फाचा भार साचू दिला तर जुनी बोट बुडू शकते, असे त्यांनी सांगितले. आम्ही ज्या ऊबेत झोपलो होतो तिच्यासाठी ती मुले बर्फ थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा वर जात होती. सकाळी त्यांच्यासोबत नून चाय घेतला, तेव्हा आभार कसे मानावेत हे मला खरोखर सुचेना.

एक कळकळीची सूचना: बुखारी, म्हणजे खोली तापवण्याची शेगडी, पेटलेली ठेवून खोली गच्च बंद करून झोपू नये. हवा येण्यास फट ठेवावी.

केळीचे_पान

सातपुडा, वाचताना अंगावर काटा आला. त्या मुलांना सलाम.

माझा अनुभव केरळचा, वेंबनाड सरोवरावरचा आहे. तिथली केट्टुवल्लम ही मुळात भात वाहून नेणारी नाव. तिच्या फळ्या खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. ती दिवसा फिरते आणि संध्याकाळी काठाला बांधून ठेवतात, कारण त्यानंतर पाणी मच्छीमारांच्या जाळ्यांसाठी मोकळे सोडायचे असते. मला ही व्यवस्था अत्यंत योग्य वाटली.

परंतु शांततेची अपेक्षा असेल तर आरक्षण करतानाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. रात्री नाव कुठे बांधणार, आणि वातानुकूलन जनरेटरवर चालते की काठावरच्या विजेवर? आमच्या शेजारी नावांची रांगच लागली होती आणि जनरेटरांची घरघर पहाटेपर्यंत थांबली नाही. पहाटे ते बंद झाल्यावर पाणकावळ्यांचे आवाज आणि दूरवर कोणीतरी वल्हे मारत असल्याची चाहूल, एवढाच काय तो अर्धा तास आम्हाला लाभला. त्या अर्ध्या तासासाठीही मी पुन्हा जाईन.

निवडुंग

सांडपाण्याचा विषय निघायला हवा. दल आणि निगीनमधील हाऊसबोटींचा मैला वर्षानुवर्षे थेट सरोवरात जात होता. त्याच कारणाने न्यायालयाने निर्बंध घातले आणि दीर्घकाळ दुरुस्तीलाही परवानगी मिळणे कठीण झाले. त्यामुळे कित्येक बोटी जागच्या जागी कुजत गेल्या. देवदार महाग, परवानगी दुर्मीळ आणि कारागीर वृद्ध, अशा तिहेरी कोंडीत ही कुटुंबे सापडली. सरोवर वाचले पाहिजे आणि ही कुटुंबेही टिकली पाहिजेत, हे दोन्ही मी मनापासून म्हणतो. बोट मलनिस्सारण वाहिनीला किंवा जैवशौचालयाला जोडलेली आहे का, हे आपण प्रत्येकाने विचारावे. पाहुणेच विचारू लागले तर फरक पडतो.

उंबरठा

निवडुंग यांच्याशी पूर्ण सहमत आहे. त्यासोबत आगीचाही विचार करावा. नोव्हेंबर 2023 मध्ये दल सरोवरात लागलेल्या आगीत हाऊसबोटी जळाल्या आणि तीन बांगलादेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. सगळे कोरडे लाकूड आणि बोटीला बोट लागलेली. आपल्या खोलीतून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, हे सामान ठेवतानाच पाहून घ्यावे.

दहिवर

आईला घेऊन जाण्याचा फार विचार आहे, पण तिचे गुडघे दुखतात. शिकाऱ्यातून हाऊसबोटीवर चढणे कितपत अवघड आहे? कोणी वडीलधाऱ्यांना नेले असल्यास कृपया सांगावे.

रानहळद

मणिपूरच्या लोकताक सरोवराविषयी येथे कोणीच लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. तिथे फुमदी म्हणजे गवत, मुळे आणि माती यांचे तरंगते थर असतात, आणि त्यांवर मच्छीमारांच्या झोपड्या असतात. आम्ही काठावरच्या घरात उतरलो होतो, पण एका कुटुंबाने त्यांच्या झोपडीत रात्री राहू दिले. पाऊल टाकले की जमीन हळूच दबते आणि उचलले की वर येते. जाडजूड गादीवरून चालावे तसे वाटते. रात्री कंदील विझवल्यावर बेडकांचा आवाज सर्व बाजूंनी, अगदी खालूनही, येत होता.

घरधनी सांगत होते की 1983 च्या इथाई बंधाऱ्यानंतर पाण्याची पातळी बारमाही चढीच राहते. पूर्वी उन्हाळ्यात फुमदी तळाला टेकत आणि त्यांच्या मुळांना मातीतून पोषण मिळे. आता ते मिळत नाही, म्हणून थर पातळ होत चालले आहेत. 2011 मध्ये प्रशासनाने फुमदींवरील शेकडो झोपड्या जाळल्या, ते सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. तिथला सांगाई हरीण पाहण्यासाठी लोक आवर्जून जातात. या माणसांकडेही तितक्याच आस्थेने पाहावे, अशी माझी विनंती आहे.

केळीचे_पान

रानहळद, आपण स्वतंत्र लेख लिहावाच. फुमदीवर चूल कशी पेटवतात?

रानहळद

मातीचा जाड थर देऊन त्यावर चूल मांडतात. लेखाचे मनावर घेते.

पाणकणीस

दहिवर, आईंना अवश्य घेऊन जावे. शिकारा हलका असल्याने डुलतो आणि हाऊसबोटीची पायरी त्याहून उंच असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्याला तेवढे एक पाऊल जड जाते. मात्र निगीनच्या काही हाऊसबोटी काठाला लागून आहेत आणि रस्त्यावरून लाकडी फळीवरून थेट आत जाता येते. आरक्षणापूर्वी फोन करून तसे स्पष्ट विचारावे आणि स्नानगृहाच्या दाराशी उंबरा किती उंच आहे तेही विचारावे, कारण जुन्या बोटींत तो चांगलाच उंच असतो. शिकाऱ्यातूनच जावे लागले तर आईंना मध्यभागी बसवावे, आणि उतरताना नावाड्याने शिकारा दोन्ही हातांनी धरून ठेवल्यावरच उठू द्यावे. हे तिथल्या लोकांना सांगावेही लागत नाही, ते आपणहून हात देतात.