सनई, सनादी आणि सुंदरी

शहाच्या दरबारात वाजायची म्हणून ‘शहनाई’, असं सनईच्या या हिंदी नावाबद्दल सांगतात. गोष्ट ऐकायला छान, पण मला पटत नाही. फारसीत जुना शब्द ‘सुर्ना’ किंवा ‘सुर्नाय’: सूर म्हणजे मेजवानी, सोहळा आणि नाय म्हणजे नळी, पावा. तुर्कीतलं झुर्ना, चिनी सुओना आणि मलायी सेरुनाई ही त्याचीच भावंडं. या सगळ्यांत शहा कुठेच नाही. आपल्या ‘सनई’तही नाही! दरबार बहुधा मागाहून चिकटला असावा.

आणखी एक. आमच्या सोलापुरात लग्नघरात अर्धे पाहुणे कानडी बोलतात, त्यांच्या तोंडी सनईची ‘सनादी’ होते. १९७७ चा राजकुमारांचा कन्नड चित्रपट ‘सनादी अप्पण्णा’ आठवा; त्यात सनई खुद्द बिस्मिल्ला खाँसाहेबांची आहे. शिवाय इथल्या जाधव घराण्याची ‘सुंदरी’ आहेच. सनईचीच धाकटी बहीण, चणीने लहान, आवाज मात्र चढा. सिद्धराम जाधवांनी ती मैफलीत नेली. तिच्या नावाला मात्र फारसी कोश उघडायची गरज नाही.