बेंच ४० किलोवरच अडकलाय, तालीम धरू काय?

काडी_पैलवान
मंडळी, वय २६, वजन ६२. चार महिने झाले कोल्हापुरात राजारामपुरीत जिमला जायलोय, एक दिवस खाडा नाही तरी बेंच (आडवं पडून छातीवरनं बार वर ढकलायचा व्यायाम) ४० वरच, वजन पण हाललं नाही. ट्रेनर म्हणतोय साडेतीन हजाराचा प्रोटीनचा डबा घे, आजोबा म्हणतात डबं सोड, गंगावेशेत कट्ट्यावर दूध पी आणि तालमीत जोर (दंड) मार. दोघंबी एवढ्या खात्रीनं सांगायलेत की डोकं फिरायची वेळ आलीय. नेमकं काय करू? (आयडीवर हसू नका, मित्रांनी ठेवलेलं नाव हाय.)

लोखंडवाला
भावा, मागच्या सोमवारी बेंचला किती सेट मारलेस, एका सेटला किती रेप्स (म्हणजे किती वेळा उचललंस)? आठवत नाही ना, तिथंच गोम आहे. वही घाल. ४० नं ३ सेट, ८-८ रेप्स, तिन्ही पुरे निघाले तरच पुढं जायचं. आता आपल्याकडं बऱ्याच जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेटा नसतात, अडीचच्या दोन्हीकडं घातल्या की डायरेक्ट ५ किलो वाढतात आणि ४० वाल्याला ती उडी झेपत नाही, म्हणून आधी ४० नंच ११-१२ रेप्सपर्यंत जा, मग ४५ ला हात घाल. सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बस. आणि रोज छाती-बायसेप नको, आठवड्याला तीन दिवस बास, स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग, खांदे सगळं आलं पाहिजे. पाय मारतोस का?

काडी_पैलवान
पायाचं नंतर बोलू 😅

भाकरी_जास्त
अरे डब्याच्या आधी ताट बघ. काय खातोस?

काडी_पैलवान
सकाळी पोहे नाहीतर मिसळ, दुपारी दोन चपात्या आमटी भाजी, रात्री तेच, झोपताना ग्लासभर दूध. रविवारी मटण.

भाकरी_जास्त
मग प्रोटीनचे ग्रॅम धर, दूध ९-१०, दोन वाट्या आमटी १२, चपात्या-पोहे मिळून अजून २० च्या आसपास, ४५ च्या वर काय जात नाहीस. तुला किलोमागं १.६ ग्रॅम धरलं तरी १०० लागतंय. चार अंडी २४, सोयाबीनच्या वड्या सुक्या ५० ग्रॅम म्हणजे २६, झाले की ९५. डबा वाईट नाही रे, दुधाचीच पावडर ती, पण साडेतीन हजारात अंडी किती येतात हिशोब कर. वजन हलत नाही म्हणजे एकूण खाणंच कमी पडतंय, एक चपाती वाढव, मूठभर शेंगदाणे गूळ खा. आणि रविवारी पांढरा रस्सा कितीबी वाट्या ओढ, प्रोटीन पीसमध्ये असतंय, रश्श्यात नाही.

काडी_पैलवान
ताई रश्श्याला काय बोलायचं नाही

लाल_माती
पोरा, आजोबा अगदीच चुकीचं सांगत नाहीत. जोर मारताना अंगाचा साधारण दोन तृतीयांश भार हातावर येतो, तुझा झाला ४० किलो, म्हणजे तू बेंचला उचलतोस तेवढाच. आम्ही रोज पाचशे मारायचो, दम वाढला, खांदे मोकळे झाले, पण भार तोच राहतो त्यामुळं नुसत्या जोरानं ताकद एका जागी येऊन थांबते. तालमीत पुढची ताकद येते ती हौदा (कुस्तीची लाल माती) उकरून, दोर चढून आणि ऐंशी किलोचा गडी अंगावर घेऊन. ते करणार असशील तर ये. फक्त खुराक बघून बदाम-थंडाई-तूप चालू करू नको. आम्ही दोन्ही वेळचं मिळून पाच तास मेहनत करत होतो, मेहनत सुटली, खुराक नाही सुटला, आता पोट बघायला ये माझं. आणि काडी म्हणणाऱ्यांना सांग, खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेतलं ते ५७ किलो गटात.

काडी_पैलवान
वही आणली. काल पहिल्या पानावर लिहायचं म्हणून ट्रेनरला विचारलं बार किती किलोचा, तर म्हणतोय १५. मी २० धरत होतो चार महिने. म्हणजे बेंच ३५ च आहे 🙏

लाल_माती
मग जोर मार की, ४० तिथं आहेत.