गावच्या पऱ्यातले मासे पुण्यातल्या टँकमध्ये जगतील का?

पऱ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. गाव संगमेश्वर तालुक्यात, नोकरी पुण्यात. घरी तीन फुटी टँक आहे, दोन वर्षं गप्पी आणि मॉली पाळून आता कंटाळा आलाय. घरामागच्या पऱ्यात (ओढ्यात) निळ्या-पिवळ्या रेघांचे मासे आहेत, पाण्यात पाय सोडून बसलं की घोट्याला टोचे मारतात, लहानपणी पंच्यात धरायचो आणि परत सोडायचो. मागच्या जूनमध्ये चढणीचे मासे धरायला गेलो तेव्हा त्यातले पंधराएक पाण्याच्या कॅनमध्ये भरून आणले, तर कुंभार्ली घाट चढून कराडला पोचेपर्यंत निम्मे उलटे झाले, उरलेले आठवड्याभरात गेले. एक सोफ्याखाली वाळलेला सापडला, तोही झाडू मारताना बायकोला. तेव्हापासून घरात विषय काढायची सोय नाही. परत आणायचे म्हटले तर काय बदलू?

खेकडाशेठ:
भावा जूनमध्ये आणलेस तिथेच गेम झाला. चढणीचा मासा गाभोळीने भरलेला, प्रवाहाविरुद्ध चढून दमलेला, त्याला कॅनमध्ये कोंबल्यावर काय होणार. शिवाय गाभोळीचा मासा उचललास म्हणजे पुढच्या वर्षीचे पण उचललेस. दिवाळीनंतर जा, पाणी निवळलेलं असतं. रेघावाला तुझा जायंट डानियो दिसतोय, बोटभर झालेले धरू नकोस, दीड-दोन इंची सहा-सात बस झाले, लहान मासा नवीन पाण्याला लवकर रुळतो. धरल्यावर बादलीत वर जाळी बांधून एक दिवस उपाशी ठेव, नाहीतर पिशवीत त्यांच्याच घाणीने पाणी खराब होतं, तुझे घाटात बहुतेक असेच गेले. पिशवीत एक भाग पाणी न् दोन भाग ऑक्सिजन (माशांचं दुकान भरून देतं), पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, आणि निघायचं रात्री.

आंबोळी_खाऊ:
आधी कुठून धरणार ते बघा. अभयारण्याच्या हद्दीत असेल तर विषयच संपला, तिथला मासा परवानगीशिवाय उचलणं गुन्हा आहे. देवाच्या कोंडीत (नदीतल्या डोहात) तर नकोच नको. महाडजवळ वाळण कोंडीतले किंवा वाड्याजवळ तिळशाचे मासे लोकांनी देवाचे म्हणून राखले म्हणून तर एवढे मोठाले दिसतात. आणि "आपल्या ओढ्यातले साधेच मासे" असं समजू नका हो, आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात 2020 साली मुरीच्या जातीतला अख्खा नवीन मासा निघाला, 2021 मध्ये सरकारला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करावी लागली. एका कुंडातला मासा, चार हौशी लोक जाळी घेऊन गेले तर उरेल काय. ज्याचं नाव माहीत नाही तो मासा फोटो काढून तिथंच सोडायचा.

डबक्यातला_बेडूक:
मी उलटं करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्या तुटतो, मधे मधे डबकी राहतात, त्यातले मासे एप्रिलपर्यंत तसेही मरणारच. तिथून उचलले तर कोणाचं काय बिघडलं?

आंबोळी_खाऊ:
बेडूकराव, खंड्याचं आणि बगळ्याचं बिघडतं की, उन्हाळ्यात त्यांचं जेवण तेच. पण ते जाऊ दे, डबकं एकदम आटत आलं की पाणी तापलेलं असतं, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात, असला मासा आठ तास गाडीत टिकत नाही. पऱ्या नुकताच तुटला असेल तेव्हा घेतलेत तर समजू शकते.

सोनसळी:
दादा टँकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. जंगली मासा थेट मेन टँकमध्ये सोडायचा नाही, तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा. माझ्या एका माशाच्या शेपटीजवळ पांढरा दोरा लोंबत होता, मी चक्क जाळीचा धागा समजले, चिमट्याने ओढला तर तो अँकर वर्म (माशाच्या अंगात रुतणारा परजीवी), आत रुतलेला. तोपर्यंत मेन टँकमध्ये चार जणांना लागण. दुसरं म्हणजे पऱ्याचं पाणी वाहतं असतं, तुमचा गप्पीवाला स्पंज फिल्टर पुरणार नाही, एका टोकाला पॉवरहेड (पाणी ढकलणारा छोटा पंप) लावा, तळाला गोल गोटे टाका. कॉर्पोरेशनचं पाणी क्लोरीन उडवून चालेल, टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी नको. बदामाची वाळलेली पानं दोन-तीन टाका, पाणी चहासारखं होतं पण मासे खूश. पहिले काही दिवस दाण्यांना तोंड लावणार नाहीत, डासांच्या अळ्या द्या. आणि झाकण!! डानियो केबलच्या फटीतून पण उडी मारतो.

खेकडाशेठ:
+1 झाकण. आणि कंटाळा आला तर मुठेत सोडू नकोस, परत पऱ्यात पण नको, टँकमधला रोग घेऊन जातो. उजनी धरणात टँकमधला सकर मासा काय आपोआप आला नाही.

पऱ्याकाठचा:
सगळ्यांना थँक्स, ताई झाकणाचं माप आत्ताच घेतलं, केबलच्या फटीला स्पंज कोंबणार. नोव्हेंबरात जातो, सहाच आणतो. एक शेवटचं, त्याच पऱ्यात दगडाखाली डोक पण असतात, मरळीसारखे पण वीतभर, निळसर कल्ल्यांचे. एक आणला तर?

सोनसळी:
आणा की, मग डानियो आणायची गरज नाही, त्याचा नाश्ता होईल. डोक ठेवायचा तर वेगळा टँक.

पऱ्याकाठचा:
वेगळा टँक म्हणजे घरी परत विषय काढावा लागणार. डोक राहू दे दगडाखाली.