निवृत्त ग्रामीण डॉक्टरांच्या जुन्या वह्यांचे काय करावे?

सावित्रीकाठची (प्रश्न):
माझ्या वडिलांनी महाड तालुक्यातील एका गावात 44 वर्षे चालवलेला दवाखाना गेल्या महिन्यात बंद केला. गावाने त्यांचा सत्कार केला, त्यांच्या सेवेविषयी भाषणेही झाली; परंतु माळ्यावरच्या 31 वह्यांविषयी कोणीही विचारले नाही. त्यांत रोजच्या रुग्णांच्या नोंदी असून समासात लाल शाईने बाबांनी स्वतःची निरीक्षणे लिहिली आहेत. भावाच्या मते त्या रद्दीत द्याव्यात. मला ते पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी:
ताई, या वह्या कृपा करून रद्दीत देऊ नका. आपल्याच तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेल्या गंभीर रुग्णांपैकी सुमारे 40 टक्के दगावत असत. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून काय काय घडते ते टिपून ठेवले: उलट्या, दरदरून घाम, बर्फासारखे गार हातपाय, आधी वाढणारा रक्तदाब आणि मग फुप्फुसांत पाणी होऊन लागणारी धाप. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि हृदय त्याच्या भाराखाली थकते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध वापरले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे 1 टक्क्यावर आले. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण या साऱ्याची सुरुवात खेड्यातल्या खाटेशेजारी झालेल्या नोंदींतूनच झाली. त्या काळी मीही कोकणात नोकरीस होतो. गोळी दिल्यावर दर काही वेळाने रुग्णाच्या पायांना हात लावून पाहायचे आणि पाय गरम लागले की बाहेर ओटीवर बसलेल्या आईला आत बोलवायचे, हे मी कधीही विसरणार नाही. आपल्या वडिलांच्या वह्यांत विंचूदंशाच्या नोंदी असतील, तर त्या आधी वेगळ्या काढाव्यात.

कागदपत्रे जपणारा:
वरील मताशी सहमत आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपणे बंधनकारक होते; त्यापुढे त्या ठेवूच नयेत, असा त्याचा अर्थ नाही. मात्र रुग्णांची नावे झाकल्याशिवाय एकही पान कोणास दाखवू नये. आधी पाने स्कॅन करावीत आणि समासातले अक्षर वडिलांकडून वाचून घ्यावे, कारण त्यांच्या खुणा दुसऱ्या कोणाला उलगडणार नाहीत.

सावित्रीकाठची:
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी 1987 ची वही बाबांपुढे ठेवली. एका पानावर ‘रात्री 11, गोळी, 2, गोळी, 5, पाय गरम’ एवढेच लिहिलेले होते. ते वाचून बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “नाव खोड, पण गाव आणि महिना ठेव. भातकापणीत कोणत्या वाडीत विंचू जास्त चावत, ते त्यावरूनच कळेल.” भावाने आज स्वतःहून दोन पेट्या माळ्यावरून खाली उतरवल्या आहेत.